दोन पंख, एकच सांगाडा : द्विपंखी मॉडेलविषयी वाचकांचे प्रश्न

बाल्साच्या किटमधून बांधायच्या स्केल (मूळ विमानाच्या मापात लहान केलेल्या) आरसी (रेडिओने चालवायच्या) बायप्लेनबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. निम्मे प्रश्न रंग आणि कापडाचे आहेत. त्यांची उत्तरं देतोच, पण आधी सांगाडा. पंखांना पीळ असेल आणि शेपूट जड असेल, तर त्यावर चढवलेला सुंदर रंग म्हणजे आणखी थोडं वजन, एवढंच.

प्रश्न : १/५ मापाचं टायगर मॉथ (जुनं ब्रिटिश प्रशिक्षण विमान) बांधतो आहे. वरचा पंख कबानवर (धडावरून वर येणाऱ्या, त्याला आधार देणाऱ्या तारांच्या चौकटीवर) ठेवला की वरून पाहताना एक टोक पुढे गेलेलं दिसतं. मोजायचं कुठून? आणि दोन्ही पंखांचे कोन किती ठेवायचे?

मोजमाप रडरपोस्टपासून (शेपटीतला रडर, म्हणजे उभं सुकाणू, ज्यावर बसतं त्या खांबापासून) सुरू करा. बांधणीच्या फळीवर एक सरळ रेघ मारा, ओळंबा सोडा, आणि फायरवॉलचा (नाकात मोटर जिच्यावर बसते त्या फळीचा) मध्य व रडरपोस्टचा मध्य दोन्ही त्या रेघेवर येतात का ते पाहा. ते येत नसतील तर पुढचं काहीच जुळणार नाही. त्यानंतर खालचा पंख. रडरपोस्टमध्ये टाचणी रोवून तिला न ताणणारा दोरा बांधा आणि तो पंखाच्या टोकापर्यंत न्या. १.८ मीटर पंखविस्ताराच्या मॉडेलमध्ये डाव्या-उजव्या अंतरात २ मि.मी.पेक्षा जास्त फरक नको. टायगर मॉथला हीच पद्धत लागते, कारण त्याचे पंख मागे झुकलेले आहेत. लीडिंग एजला (पंखाच्या पुढच्या कडेला) गुण्या लावून काही कळत नाही. (पुढच्या आसनावरच्या माणसाला पॅराशूटसह बाहेर पडता यावं म्हणून मूळ विमानात वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला गेला, आणि उचलीचा मध्य परत जागेवर आणण्यासाठी पंख मागे वळवले गेले. तो झुकाव त्यातूनच आला.)

आता कबान. किटमध्ये ३ किंवा ४ मि.मी.ची स्टील तार वाकवून मिळते, पण ती नेमक्या कोनात क्वचितच असते. दोन फळ्यांचा साचा करून तारा त्यात घट्ट बसवा, सांधे पॉलिश पेपरने चकचकीत घासा, पातळ तांब्याच्या तारेने जवळजवळ वेढे घाला आणि मगच डाख द्या. इलेक्ट्रॉनिक्सची साधी डाख इथे वापरू नका. कंपनांनी ती तडकते. चांदीमिश्रित डाख आणि तिच्यासोबतचा फ्लक्स वापरा, आणि काम झाल्यावर फ्लक्स गरम पाण्याने धुऊन काढा, नाहीतर कापडाखाली गंज धरतो.

कोनांसाठी टेलप्लेन (शेपटीचा आडवा पंख) हा शून्य अंश धरा आणि इन्सिडन्स मीटरने (पंखाचा कोन मोजायच्या साधनाने) दोन्ही पंख त्याच्याशी ताडून पाहा. किती अंश ते नकाशात दिलेलं असतं. स्वतःच्या अंदाजाने बदलू नका. वरचा पंख पुढे असलेल्या विमानात तो आधी स्टॉल झाला (त्याची उचल तुटली) तर नाक अलगद खाली येतं. खालचा आधी स्टॉल झाला तर मागची उचल कमी होऊन नाक वर जायला बघतं. म्हणून खालच्या पंखाचा कोन चुकून वाढलेला नसावा. त्याहूनही जास्त त्रास देतो तो डाव्या-उजव्यातला फरक. तो अर्ध्या अंशाचा असला तरी ट्रिमने (रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीने) एका वेगाला झाकला जातो आणि वेग बदलला की पुन्हा उघडा पडतो. उतरताना, अगदी कमी उंचीवर, एक पंख खचतो.

पंखांमधले स्ट्रट (वरचा-खालचा पंख जोडणाऱ्या उभ्या काठ्या) सगळ्यात शेवटी कापा. नकाशावरच्या लांबीने आधीच कापले आणि बळेच बसवले, तर सगळी चूक पंखाच्या टोकाला पीळ म्हणून उतरते. दोन्ही पंख आपापल्या कोनात ठोकळ्यांवर टेकवून ठेवा, मधलं अंतर मोजा, त्या मापाचे स्ट्रट करा आणि टोकांच्या पट्ट्यांना भोकं तिथेच जागेवर पाडा. पुढच्या आणि मागच्या स्ट्रटच्या लांबीतला फरकच टोकाचा कोन ठरवतो. प्रत्येक स्ट्रटवर पेन्सिलीने जागा लिहून ठेवा. ते दिसायला सारखे असतात, मापाला नसतात.

प्रश्न : पंखांमधल्या तारा खऱ्या भार घेणाऱ्या कराव्यात की दिखाऊ पुरतील?

किटमधल्या पंखांचे स्पार (लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्या) आणि मधली जोडनळी स्वतः भार पेलायला बनवली असतील, तर दिखाऊ तारा चालतात. १ मि.मी.चा गोल इलॅस्टिक दोरा चंदेरी रंगवून, मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शाने ताणून लावा. तो पंख ओढत नाही आणि प्रवासात हूक काढला की सुटतो. पण नकाशात ‘तारा कार्यक्षम’ असं असेल, तर त्यांच्याशिवाय उडवू नका. हातात पंख मजबूत वाटणं ही चाचणी नव्हे.

हिशेब सोपा आहे. ४.५ किलोचं मॉडेल ४ पट भाराच्या वळणात गेलं, तर एकूण उचल १८ किलो, एका बाजूला ९. त्यातली साधारण निम्मी, म्हणजे ४.५ किलो, तारांवर येते असं धरा. तार पंखाशी ३० अंशांत असेल तर तिच्यातला ताण त्याच्या दुप्पट, ९ किलो. दोन तारांत तो वाटला जातो, पण एक निसटली तर दुसरीने एकटीने पेलायला हवा. म्हणून २० ते २५ किलोची, नायलॉनचं आवरण असलेली मासेमारीची स्टील तार योग्य. ती तांब्याच्या नळीतून ओवा, कड्यातून फिरवून परत नळीत, आणि तिसऱ्यांदा नळीत घालून मगच पकडीने दाबा. दोनदाच ओवलेली तार हळूहळू सरकते. केव्लारचा दोरा ताकदीला उत्तम, मात्र पत्र्याच्या भोकाची धार त्याला कापते. वापरायचाच तर भोकाची कड कानशीने गोल करून घ्या.

ताणायचा क्रम असा. वरच्या पंखाच्या मध्यापासून खालच्या पंखाच्या स्ट्रटकडे जाणाऱ्या लँडिंग वायर आधी. त्यांनी डायहेड्रल (पंखाचा टोकाकडे वर चढणारा कोन) ठरतो. मग खालच्या मुळापासून वरच्या पंखाकडे जाणाऱ्या फ्लाइंग वायर, फक्त सैलपणा जाईपर्यंत. डावी-उजवी आळीपाळीने, टर्नबकलचा (तार ताणायच्या स्क्रूचा) अर्धा फेरा एका वेळी. शेवटी पुढच्या-मागच्या स्ट्रटमधल्या फुलीच्या तारा. प्रत्येक टप्प्यानंतर मीटर पुन्हा लावा. तार वीणेसारखी वाजायला लागली असेल तर ती जास्त ताणली आहे आणि पंख वाकवते आहे. बोटाने दाबल्यावर ३ ते ४ मि.मी. दबली पाहिजे.

प्रश्न : सॉपविथ कॅमलचं (पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं) नाक इतकं आखूड आहे की गुरुत्वमध्य पुढे येतच नाही. नाकात किती शिसं घालावं? शिवाय दोन पंख असताना गुरुत्वमध्य काढायचा कसा?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही पंखांची रुंदी आणि विस्तार जवळपास सारखे असतील, तर दोन लीडिंग एजच्या मधोमध एक काल्पनिक लीडिंग एज धरा आणि तिथून रुंदीच्या २५ टक्के मागे या. उदाहरणार्थ, पंखाची रुंदी २५० मि.मी. आणि वरचा पंख १०० मि.मी. पुढे असेल, तर मधली रेघ वरच्या लीडिंग एजपासून ५० मि.मी. मागे, तिच्यात २५० चे २५ टक्के, म्हणजे सुमारे ६२ मि.मी. मिळवा. गुरुत्वमध्य वरच्या लीडिंग एजपासून ११२ मि.मी.वर. पहिल्या उड्डाणांना १०५ वर ठेवा. तोलताना कबानला दोरी बांधून मॉडेल लटकवा. बॅटरी जागेवर आणि इंजिनवालं असेल तर टाकी रिकामी.

आता शिसं. मूळ कॅमलमध्ये इंजिन, बंदुका, वैमानिक आणि इंधनटाकी पुढच्या जेमतेम २ मीटरांत दाटीने बसवलेली होती, आणि तिथलं रोटरी इंजिन चांगलंच जड होतं. मॉडेलच्या नाकात त्या जागी हलकी ब्रशलेस मोटर येते, शेपटीचा आकार मात्र तसाच राहतो. शेपूट गुरुत्वमध्यापासून ९०० मि.मी. मागे आणि नाक २५० मि.मी. पुढे असेल, तर शेपटीतले १० ग्रॅम नाकात ३६ ग्रॅम मागतात. त्यामुळे शिशाचा विचार करण्याआधी शेपटीतून ग्रॅम-ग्रॅम काढा.

किट उघडल्याबरोबर बाल्साच्या पट्ट्या वजनकाट्यावर ठेवा. ३ मि.मी. जाडीची ७५ × ९०० मि.मी.ची पट्टी २० ग्रॅमच्या आसपास भरली तर ती शेपटीला राखून ठेवा. ३० च्या घरातली फ्युजलाजला (धडाला). ४० च्या वरची स्पार आणि लाँजरॉनला (धडाच्या लांब कडांच्या पट्ट्यांना). किटमधली शेपटीची छापील पट्टी जड निघाली, तर तिच्यावरून दुसऱ्या हलक्या पट्टीवर आकार कापून घ्या. सर्व्हो (नियंत्रणं हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मागे न बसवता वैमानिकाच्या आसनाखाली बसवा आणि रडर-एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा भाग) दुहेरी केबलने ओढा. बॅटरी फायरवॉलच्या पुढे, काउलच्या (नाकावरच्या आवरणाच्या) आत पेटी करून ठेवता येते. मोटरभोवती जड दिखाऊ इंजिन बसवणं हे शिशापेक्षा चांगलं वजन, फक्त त्याच्या सिलिंडरांमधून हवा मोटरपर्यंत जाऊ द्या, आणि काउलमधून हवा बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा मोठी ठेवा.

प्रश्न : पंखाच्या खालच्या पोकळ बाजूवर कापड गरम केलं की रिबपासून (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांपासून) सुटून सरळ ताणलं जातं.

कापडाला आधी आकसू दिल्यामुळे हे होतं. प्रत्येक रिबच्या खालच्या कडेला उष्णतेने चिकटणाऱ्या डिंकाचे दोन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. खालची बाजू आधी घ्या. कमी तापमानाच्या इस्त्रीने कापड मुळापासून टोकाकडे एकेका रिबला दाबत न्या, आणि सगळ्या रिब धरल्याची खात्री होईपर्यंत आकसवण्याच्या तापमानाला हात लावू नका. दोन्ही तापमानं कापडासोबतच्या सूचनेत असतात. इस्त्रीच्या चकतीवरच्या आकड्यांवर भरवसा न ठेवता थर्मामीटर लावून पाहा. वरची बाजू त्यानंतर. शेपटीच्या पातळ भागांना दोन्ही बाजू आळीपाळीने, थोडंथोडं गरम करा, नाहीतर त्या केळ्याच्या सालीसारख्या वळतात. पीळ पडलाच तर दुसऱ्या माणसाला तो भाग उलट दिशेने थोडा जास्त पिळून धरायला सांगा, कापड गरम करा आणि थंड होईपर्यंत सोडू नका.

प्रश्न : रेशमावर डोप (कापड ताणणारं लॅकर) दिला आणि दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग पांढुरका झाला. खरवडून काढावा का?

नको. डोपमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. तोच हा पांढरेपणा. कोरड्या दिवसाची वाट पाहा आणि रिटार्डर (वाळणं मंद करणारा द्रव) मिसळलेल्या थिनरचा हलका फवारा द्या. वरचा थर पुन्हा मऊ होऊन पाणी निघून जातं. पुढच्या हातांतही रिटार्डर घाला. सुरुवातीचे हात नायट्रेट डोपचे, निम्मं थिनर घालून, कारण तो लाकडाला आणि रेशमाला चांगला धरतो. ग्लो इंधनापासून (छोट्या मॉडेल इंजिनांच्या इंधनापासून) बचावासाठी वरचे हात ब्युटिरेट डोपचे. हा क्रम उलटा चालत नाही: ब्युटिरेटवर नायट्रेट धरत नाही. नायट्रेट फार ज्वालाग्राही आहे, त्यामुळे खोलीत ज्योत, हीटर किंवा तापलेली इस्त्री नको.

प्रश्न : रिबवरची शिलाई आणि फिती कशा दाखवाव्यात?

रंगाच्या आधी. मूळ विमानातली ५० मि.मी.ची फीत १/५ मापात १० मि.मी. होते; त्याच कापडाच्या पट्ट्या नागमोडी धारेच्या कात्रीने कापा. शिलाईसाठी सिरिंजच्या बोथट सुईतून पांढऱ्या डिंकाचे थेंब १५ मि.मी. अंतराने रिबवर द्या आणि वाळल्यावर वरून फीत इस्त्री करा. पट्टीवर अंतर आखून ठेवा. अंदाजाने दिलेले थेंब दुरूनही वेडेवाकडे दिसतात.

प्रश्न : पिवळ्या रंगातून खालचं कापड दिसतं, आणि राउंडेलच्या (पंखांवरच्या गोल राष्ट्रचिन्हाच्या) कडेला रंग झिरपतो.

पिवळा झाकणारा रंग नाही. त्याखाली पांढऱ्याचा पातळ हात द्या, म्हणजे पिवळ्याचे चार हात वाचतात आणि वजनही. झिरपणं टाळायचं तर मास्किंग टेप दाबल्यावर तिच्या कडेवर आधी जो रंग खाली आहे त्याचाच, किंवा पारदर्शक लॅकरचा, पातळ फवारा मारा. फटींतून जे जायचं ते तेवढंच जातं आणि दिसत नाही. फिकट रंग आधी, गडद नंतर. टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, मागे दुमडून काढा. वर्तुळांचा क्रमही तपासा: ब्रिटिश राउंडेलमध्ये लाल मध्यभागी आणि निळा बाहेर, फ्रेंचमध्ये नेमकं उलट. शेपटीला रंग देण्याआधी आणि नंतर वजन करा. तिथे प्रायमर घासून जवळपास सगळा काढता येतो, फक्त कापडाची वीण भरलेली राहायला हवी.

प्रश्न : पहिल्या उड्डाणाआधी काय बघावं?

ताकद : इलेक्ट्रिक असेल तर दर किलोला २०० ते २२० वॉट पुरेत. मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (पात्यांचा तिरपेपणा कमी असलेला) प्रॉपेलर घ्या. तारा आणि स्ट्रटमुळे विमान वेग घेत नाही, त्याला प्रॉपेलरची खेच लागते. चाकांचा आस गुरुत्वमध्याच्या पुढे, उभ्या रेषेशी १५ ते २० अंशांवर हवा. तो जवळ आला तर विमान नाकावर जातं, दूर गेला तर जमिनीवर गिरकी घेतं.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर जितका जाईल त्याच्या निम्माच खाली जाऊ द्या. खाली गेलेला एलेरॉन मागे ओढतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला जातं. टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखाला, म्हणून हा फरक मूळ विमानातही मोठा होता. कॅमलला ते चारही पंखांना आहेत. वरचा-खालचा जोडणारी दांडी दोन बिजागऱ्यांमधल्या अंतराएवढीच लांब हवी, नाहीतर टोकाला जाऊन अडकते आणि सर्व्हो गुरगुरत राहतो. वळताना रडर द्यावाच लागतो. सवय होईपर्यंत २० ते ३० टक्के मिक्स (एलेरॉनसोबत रडर आपोआप हलणं) ठेवा.

उतरताना थ्रॉटल एकदम बंद करू नका. एकपंखी ट्रेनर जिथे तरंगत येतो तिथे बायप्लेन हवेच्या अवरोधामुळे झपाट्याने वेग गमावतो. जमीन जवळ येईपर्यंत थोडी ताकद चालू असू द्या आणि नाक किंचित खालीच ठेवा. पहिल्या दोन-तीन उड्डाणांनंतर प्रत्येक तार बोटाने दाबून पाहा, कारण नळ्या आणि सांधे भाराखाली थोडे बसतात. सैल झालेली तार घट्ट करण्याआधी पंखाचा कोन मीटरने पुन्हा मोजा.