जुलै-ऑगस्टमध्ये अलास्कात सॅमन आणि हॅलिबट धरायला जायचंय. पाणी-हवा कशी असते, कोणता आठवडा निवडावा?

तुम्ही आठवडा विचारलात म्हणून लिहितोय. बाकी सगळे महिना विचारतात आणि "जुलै" हे उत्तर घेऊन विमानाची तिकिटं काढतात. जुलै हे अर्धंच उत्तर आहे. सॅमनला महिना बघायचा, हॅलिबटला (हा तळाशी राहणारा मोठा चपटा मासा) तिथी. हो, आपल्या पंचांगातली.

मी सिएटलला राहतो, मूळचा हर्णैचा. उधाण आणि भांग हे शब्द आमच्या घरात रोजचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमी उलटली की भांग, म्हणजे पाण्याचा जोर कमी. तळाचा मासा गळाने धरायचा तर भांगात, कारण उधाणाच्या ओढीत गळ तळाला ठरत नाही. अलास्कातल्या होमर या किनाऱ्यावरच्या गावी जायचं ठरलं तेव्हा मी साडूंना हेच सांगितलं. ते म्हणाले, "अहो, ते तुमच्या कोकणातलं. इथे बोटीवर पाण्याखालचं दाखवणारं सोनार यंत्र असतं, जीपीएस असतं. चार जुलैला जोडून सुट्टी मिळतेय, तेव्हाच जाऊ." त्याच आठवड्यात पौर्णिमा होती. चार्टरवालाही (पैसे घेऊन मासेमारीला नेणारा बोटवाला) फोनवर म्हणाला, हॅलिबट रोजच असतो. असतो ना! तुमचं आमिष त्याच्यापर्यंत पोचतं का, हा प्रश्न आहे.

होमर ज्या कुक इनलेट नावाच्या खाडीवर आहे ती आत निमुळती होत जाते, म्हणून तिथे पाणी प्रचंड चढतं-उतरतं. मुंबईला मोठ्या उधाणात भरती-ओहोटीत १५-१६ फुटांचा फरक पडतो, होमरला २५ फुटांच्या आसपास. एवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि सहा तासांत बाहेर जातं. आम्ही नांगर टाकला, २०० फूट खोली, दोरीला तीन पौंडांचं शिसं आणि आमिषाला हेरिंग मासा. शिसं तळाला टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं आणि बघता बघता दोरी तिरकी होऊन बोटीच्या मागे लांबवर गेली. सगळ्यांच्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या. डेकहँडचा, म्हणजे बोटीवरच्या मदतनिसाचा, सगळा वेळ त्या सोडवण्यात. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी पाणी थांबलं, तेवढ्या अर्ध्या तासात काय ती मासेमारी झाली.

त्या अर्ध्या तासात साडूंच्या काठीचं टोक दोनदा टुकटुक हललं आणि त्यांनी जोरात हिसका दिला. तिथे सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेला गोल गळ वापरतात, त्याला हिसका चालत नाही. मासा आमिष घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. काठी होल्डरमध्येच राहू द्यायची, वाकून वाकून टोक पाण्याकडे गेलं की मगच रीळ फिरवायला घ्यायचं. हिसका दिला की फक्त आमिष तोंडातून निघून येतं. तसंच झालं.

पुढच्या वर्षी मी तारीख पंचांग बघून काढली, नवमी-दशमी. तोच समुद्र, जवळपास तेवढीच खोली. दोरी बोटीखाली सरळ उभी, शिसं तळाला टेकल्याचा ठोका हाताला कळत होता, तोही तासन् तास. सगळ्यांना हॅलिबट मिळाले. साडू अजून म्हणतात की त्या वर्षी हवा चांगली होती. दोन्ही वर्षी हवा सारखीच होती.

त्यांचा आणखी एक मुद्दा असतो: हवेचा भरवसा नाही, मग तारखेवर एवढा वाद कशाला? वाऱ्याचा भरवसा नाही हे खरं, पण उधाण-भांग वर्षभर आधी छापलेलं असतं. जे आधी कळतं ते तरी आधी बघा.

आता सॅमन. तो वरच्या पाण्यात ट्रोलिंग करून, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत धरतात, त्यामुळे उधाणाने फार अडत नाही. सिल्व्हर, सॉकाय, किंग या सॅमनच्याच जाती. सिल्व्हर, म्हणजे कोहो हवा असेल तर ऑगस्ट. सॉकाय जुलैत, पण तो समुद्रात गळाला फारसा लागत नाही, त्यासाठी केनाई नदीवर जा. किंगचं स्वप्न घेऊन जाऊ नका. त्याची संख्या फार घटली आहे, केनाईतली किंगची मासेमारी अलीकडे सलग काही वर्षं बंद ठेवावी लागली. बोट परवडत नसेल तर होमर स्पिटवरच्या (समुद्रात घुसलेली जमिनीची अरुंद पट्टी) तळ्यात हॅचरीचे, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले सॅमन सोडलेले असतात, ते काठावरून धरता येतात.

मोठा हॅलिबट लागला तर सोडून द्या, हे माझं ठाम मत. १०० पौंडांवरचे जवळजवळ सगळे मादी असतात आणि जितकी मोठी मादी तितकी अंडी जास्त. हॅलिबटला हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोलातून वर आणला तरी पोट फुगत नाही, नीट सोडला तर जगतो. खायला २०-२५ पौंडांचाच चवीला चांगला.

काही गोष्टी राहिल्या. चार्टरवर हॅलिबटची संख्या आणि लांबी यांवर मर्यादा असते, आठवड्यातल्या ठरावीक वारांना तो ठेवताच येत नाही (गेली काही वर्षं बुधवारी). नियम दरवर्षी बदलतात, सॅमनचे तर मोसमाच्या मध्येही, म्हणून निघण्याआधी पुन्हा बघा. ऊन असेल त्या दिवशी दुपारी होमरजवळच्या उपसागरात वारा उठतो, सकाळची बोट घ्या. जुलैतही स्वेटर आणि रेनकोट लागतो. मळमळीची गोळी बोटीत चढण्याआधी घ्या, चढल्यावर उपयोग नाही. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात, ते गणित आपल्या किनाऱ्याचं आहे. होमरला तिथीवरून फक्त पाण्याचा जोर कळेल, वेळ तिथल्या तक्त्यात बघा. आणि वाऱ्याचा इशारा असेल तर भांग असला तरी जाऊ नका.

बुकिंगच्या आधी कॅप्टनला एकच विचारा: त्या दिवशी भरती-ओहोटीत किती फुटांचा फरक आहे? आकडा सांगितला तर पैसे भरा. मोठ्या माशांचे फोटो पाठवले तर दुसरी बोट शोधा.