ब्रिटनची पायवाट परवडेल, कॅमेरा थांबू द्या

साताऱ्याहून एका कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांचं पत्र आलं आहे. वय ५१, घराचं कर्ज फिटलेलं, मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. रविवारी गड-किल्ले, गळ्यात आठ वर्षांपूर्वीचा कॅमेरा. येत्या जूनमध्ये पत्नीसह ब्रिटनला जाऊन पायी भटकायचं आणि मनसोक्त फोटो काढायचे, असा बेत आहे. मार्चमध्ये साडेपाच लाखांची मुदत ठेव पूर्ण होते, ती प्रवासाला. शिवाय २ लाख ४० हजारांचा नवा फुल-फ्रेम कॅमेरा ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांवर. दुकानात ५ हजार भरून नावही नोंदवलं आहे. ते विचारतात, हे सगळं झेपेल का? कॅमेरा तिकडेच घेतला तर व्हॅट परत मिळून स्वस्त पडेल का? की माणशी ३ लाख ९० हजार सांगणाऱ्या फोटो टूरबरोबर सरळ निघून जावं?

नमस्कार सर,

प्रवासाला माझा होकार, कॅमेऱ्याला नकार. का, ते आकड्यांतच सांगतो. पौंड १२० रुपयांना धरलाय. तुम्ही बुकिंग कराल त्या दिवशी जो असेल तो घालून बघा.

दोघांची विमानाची तिकिटं १ लाख ४० हजार, व्हिसा सेवाशुल्कासकट ३५ हजार, प्रवास विमा ८ हजार. झाले १ लाख ८३ हजार. तुम्ही तिथे दोन दिवस राहा की बारा, हा आकडा हलत नाही. तिथल्या मुक्कामाचा खर्च मात्र दिवसावर चालतो. नाश्त्यासह खोली ११० पौंड, दोघांचं दुपारचं सँडविच आणि रात्रीचं पबमधलं जेवण मिळून ४५, बसभाडं १२. म्हणजे १६७ पौंड, दिवसाचे २० हजार रुपये. बारा रात्रींचे २ लाख ४० हजार.

हा आकडा ओळखीचा वाटला ना? तुमच्या कॅमेऱ्याची किंमत आणि दोघांचा बारा दिवसांचा मुक्काम एकाच भावात आहे.

रेल्वेला २० हजार, दोघांचे चांगले बूट आणि पावसाळी जाकिटं ३० हजार, अडीअडचणीला ४५ हजार धरा. एकूण ५ लाख १८ हजार. ठेवीत प्रवास बसतो, वर ३२ हजार उरतात. एसआयपी थांबवायची नाही, अडीअडचणीसाठी वेगळ्या ठेवलेल्या ३ लाखांना हात लावायचा नाही आणि मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी आहे तिथेच राहू द्यायची. ही तिन्ही जागची हलणार नसतील तर साडेपाच लाख फिरण्यात गेल्याचं मला काही वाटत नाही. ५१ व्या वर्षी गुडघे साथ देताहेत. हा खर्च निवृत्तीनंतरवर ढकलून फायदा नाही.

आता तुमच्या आखणीकडे येतो, कारण खरे पैसे तिथे गळताहेत. लंडन दोन रात्री, कॉट्सवोल्ड्स दोन, लेक डिस्ट्रिक्ट दोन, हेड्रियनची रोमनकालीन भिंत एक, एडिंबरा दोन, स्काय बेट तीन. बारा रात्रींत सहा बिऱ्हाडं! दर बदलीला अर्धा दिवस आणि दोन तिकिटं जातात. त्यातून तुम्ही जाणार फोटोसाठी. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केसिक गावापासून काही मैलांवर सीथवेट नावाची वस्ती आहे, इंग्लंडमधली सर्वांत जास्त पावसाची. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वरला याहून पुष्कळ जास्त पडतो, पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो. तिथला बाराही महिने थोडा थोडा येत असतो आणि दुपारी अचानक उघडतो. दोन रात्रींच्या मुक्कामात तो उघडला नाही तर लेक डिस्ट्रिक्टचे तुमचे ४० हजार ढगात गेले. सात रात्री राहिलात तर दोन-तीन संध्याकाळी तरी उजेड मिळेल. जादा दिवस विकत घेणं म्हणजे तिथे उजेड विकत घेणं, आणि हे काम कोणतीही लेन्स करत नाही.

म्हणून माझी वाटणी अशी: केसिक सात रात्री, हेड्रियनच्या भिंतीजवळचं हॉल्टव्हिसल तीन, यॉर्क दोन. मँचेस्टरला उतरा. विमानतळातच रेल्वे स्टेशन आहे. तिथून गाडीने ऑक्सनहोम, मग विंडरमिअरचा छोटा फाटा, आणि पुढे ५५५ नंबरची बस अँबलसाइड, ग्रासमिअर करत केसिकला नेते. लंडन यात नाही, आणि वाईट वाटून घेऊ नका. ते पुढे कधीही, पाय दुखायला लागल्यावरही बघता येतं.

केसिकमध्ये खोली गावातच घ्या. गावाबाहेर २०-२५ पौंडांनी स्वस्त मिळेल, पण जूनच्या सुरुवातीला तिथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो. फोटोचा उजेड या दोन टोकांना असतो आणि त्या वेळी बस नसते. टॅक्सीच्या दोन फेऱ्यांत वाचवलेले पौंड संपतात. गावात राहिलात तर रात्रीचं जेवण आटोपून डरवेंटवॉटर तळ्याच्या काठाने फ्रायर्स क्रॅगपर्यंत रमतगमत जाता येतं. कासलरिगचं शिळावर्तुळ चालत पाऊण तासावर आहे. साडेचार हजार वर्षांहून जुने दगड, भोवती डोंगरांचं कडं, तिकीट नाही. पहाटे तिथे जाऊन आठच्या नाश्त्याला परत.

तिथे चालायला पैसे पडत नाहीत, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय उद्यानांना प्रवेश शुल्क नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटा खासगी शेतांतून, मेंढ्यांच्या कुरणांतून कायद्याने खुल्या आहेत. २००० च्या कायद्याने उघडे डोंगर-माळही चालणाऱ्यांना मोकळे झाले. खर्च एवढाच की ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० चा नकाशा घ्यायचा. केसिक भागासाठी ओएल ४. तो घ्याच. स्कॅफेल पाइक हा इंग्लंडचा सर्वांत उंच डोंगर अवघा ९७८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ पुढे किरकोळ, असं तुम्हाला वाटणार. वाटूही द्या, पण धुक्यात वाट सापडत नाही ती उंचीमुळे नव्हे. पहिल्या दिवशी ४५१ मीटरचा कॅटबेल्स पुरे. तळ्यातून लाँचने हॉज एंडला उतरा आणि चढायला लागा.

नंतरच्या तीन रात्री भिंतीसाठी. वॉल्सएंड ते बोनेस ८४ मैलांची वाट आहे. सगळी चालायची गरज नाही. हॉल्टव्हिसलला कार्लाइलहून रेल्वे जाते आणि भिंतीला धरून एडी १२२ नंबरची बस हंगामात धावते. भिंतीचं काम इसवी सन १२२ मध्ये सुरू झालं, त्यावरून तो नंबर. बसने पुढे जायचं, कड्यावरून चालत मागे यायचं. इंग्लंडमधल्या बऱ्याचशा बसना २०२५ पासून एका फेरीला ३ पौंडांची मर्यादा आहे, ती लागू आहे ना ते निघण्यापूर्वी पाहून घ्या. यॉर्कहून मँचेस्टर विमानतळाला थेट गाडी आहे.

रेल्वेची तिकिटं साधारण बारा आठवडे आधी स्वस्त दरात उघडतात. आयत्या वेळी घेतलीत तर माझे २० हजार पुरणार नाहीत. दोघांसाठी ‘टू टुगेदर’ रेलकार्ड मिळतं, एकत्र प्रवास केला तर भाड्यात एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही.

कॅमेऱ्याचा व्हॅट: ती गोष्ट जुनी झाली. परदेशी पाहुण्यांना खरेदीवरचा व्हॅट परत देण्याची योजना इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. तिकडे घेतलात तर २० टक्के व्हॅट भरून घ्याल आणि मुंबईला उतरल्यावर सीमाशुल्काचं बघाल, ते वेगळं. इथे हप्त्यांवर घेतलात तरी ‘नो-कॉस्ट’ हे नावापुरतंच. व्याज दुकानदार सवलतीत वळवतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं प्रक्रिया शुल्क तुमच्याच खिशातून जातं. रक्कम मोठी नाही. मला खुपतं ते दुसरंच. नवा कॅमेरा हातात बसायला महिने लागतात आणि तुम्ही तो सगळ्यात महागड्या बारा दिवसांत शिकायला निघालात. तुमच्या जुन्या कॅमेऱ्याबरोबर १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. डोंगर, तळी, दगडी कुंपणं, मेंढ्या, सगळं त्यात येतं. उरलेल्या ३२ हजारांतले दहा काढा: दोन जादा बॅटऱ्या, कार्ड, पोलरायझर, पावसाचं कव्हर. परत आल्यावर दोन महिने फोटो बघा. एखादा फोटो केवळ कॅमेऱ्यामुळे हुकला असं ठामपणे दाखवता आलं तर दिवाळीत रोखीने घ्या. तोवर हे मॉडेल बहुधा स्वस्तही झालं असेल.

विम्याचं कलम नीट वाचा. बहुतेक प्रवास विम्यांत कॅमेऱ्याला एका वस्तूमागच्या भरपाईची मर्यादा असते किंवा तो वगळलेलाच असतो. डोंगरात चालणं पॉलिसीत बसतं ना, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. तिथली माउंटन रेस्क्यू पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत. पण रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर पाहुण्याला बिल लागतं, तेही सरकारी दराच्या दीडपट.

टूरबद्दल थोडक्यात. दोघांचे ७ लाख ८० हजार, म्हणजे माझ्या अंदाजाच्या दीडपट. शिवाय टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोपर्यंत पैसे अडकतात. आणि वहिनी फोटो काढत नाहीत असं तुम्हीच लिहिलंय. बारा फोटोग्राफर तिवई लावून ढग हलायची वाट बघत असताना त्यांनी काय करायचं? अगदीच एकट्याने धीर होत नसेल तर मधला मार्ग आहे: खोल्या राखून देणाऱ्या, नकाशा हातात देणाऱ्या आणि बॅगा पुढच्या मुक्कामाला पोचवणाऱ्या सेल्फ-गाइडेड कंपन्या तिथे पुष्कळ आहेत. एका ठिकाणी सात रात्री राहणाऱ्याला त्यांची गरज कमी पडते.

खर्च कार्डावर करणार असाल तर साध्या क्रेडिट कार्डाचं परकीय चलन शुल्क बहुधा साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी असं असतं. २ लाख ६० हजारांवर ते पावणेअकरा हजारांच्या घरात जातं. हे शुल्क न घेणारी कार्डं आहेत, एक आत्ताच काढा. दुकानातल्या मशीनने ‘रुपये की पौंड’ विचारलं तर पौंडच म्हणा.

तारखा जूनच्या पहिल्या पंधरवड्यातल्या ठेवा. तिथली मे अखेरची शाळेची सुट्टी साधारण संपलेली असते आणि तुमचं कॉलेज उघडायचं असतं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे ठेव पूर्ण होते त्याच सुमारास. ठेवीची पावती, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं आणि कॉलेजचं रजेचं पत्र जोडा. खात्यात रक्कम फुगलेली दिसावी म्हणून मेहुण्याकडून दोन लाख आणून ठेवण्याचा विचार सोडा. अचानक आलेल्या पैशाचा खुलासा देत बसावं लागतं, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. खोल्या फुकट रद्द होणाऱ्या घ्या. विमानाचं तिकीट व्हिसा हातात आल्यावर.

दुकानात भरलेले ५ हजार परत मागून बघा. दिले नाहीत तर सोडून द्या; पाच गेले म्हणून आणखी २ लाख ३५ हजार घालायची गरज नाही.