रोज पाणी घालते, तरी ड्रेसिना पिवळा का पडतोय?

प्रश्न : ताई, तीन आठवड्यांपूर्वी नर्सरीतून ड्रेसिना आणला, मक्यासारखी पानं, मधोमध पिवळा पट्टा, एकाच कुंडीत लहानमोठी तीन खोडं. आणल्या आणल्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत लावला, रोज सकाळी ग्लासभर पाणी घालते. आता खालची पानं पिवळी पडून गळतायत आणि बाकीच्यांची टोकं करपल्यासारखी झालीत. खत घालू की गॅलरीत उन्हात ठेवू? आणि आमची मनी पानं कुरतडते, ते चालतं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अहो, आधी ते पाणी थांबवा! आणि मला सांगा, त्या पांढऱ्या कुंडीला खाली भोक आहे का? दिसायला देखण्या कुंड्यांना बऱ्याचदा नसतंच, मग रोजचं ग्लासभर पाणी तळाशी साचून राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडायला लागतात. खत तर आत्ता अजिबात नको.

खालची एकदोन पानं गळाली तर घाबरू नका, जागा बदलली की तेवढं होतंच. पण खोडं दाबून बघा. वरच्या कापलेल्या टोकाला मेण लावलेलं दिसेल, ते तसंच राहू द्या, खाली मातीजवळ दाबा. टणक लागलं तर झाड वाचलं म्हणून समजा, पिचपिचीत लागलं तर ते खोड गेलं, काढून टाका, मात्र त्याच्यावरचा पानांचा तुरा ताजा असेल तर कापून पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. मग झाड भोकाच्या कुंडीत हलवा, मातीत थोडं कोकोपीट आणि जाड वाळू घाला. हलवताना मुळं नारिंगी-पिवळी दिसतील, ती सडलीयत असं समजून कापू नका हां, ड्रेसिनाची मुळं त्याच रंगाची असतात (मी स्वतः एकदा कापून बसलेय). सडलेलं मूळ काळपट असतं, बोटात धरलं की साल निघून येते आणि वास मारतं.

यापुढे बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. पावसाळ्यात कधी कधी दोन आठवडे लागत नाही.

टोकं करपतात ती पाण्यातल्या क्षारांनी आणि फ्लोराईडने, एसीच्या कोरड्या हवेनेही. पाणी रात्रभर बादलीत ठेवलं तर क्लोरीन उडतं, फ्लोराईड नाही उडत, म्हणून पावसाचं किंवा आरओचं पाणी मिळालं तर बरं. पुढे खत घालाल तेव्हा सुपर फॉस्फेट टाळा, त्यात फ्लोराईड असतं. करपलेलं टोक परत हिरवं होत नाही, कात्रीने तिरकं कापलं की डोळ्याला खुपत नाही. ऊन थेट नको, पानांवर डाग पडतात, खिडकीपासून चारेक फुटांवर पडद्याआडचा उजेड पुरे.

आणि मनीला लांबच ठेवा. ड्रेसिनात सॅपोनिन असतात, मांजर-कुत्र्यांना उलट्या होतात, लाळ गळते. ती उडी मारून पोचणार नाही अशी जागा घरात नसेल तर झाड मैत्रिणीला देऊन टाका, मी तेच केलं.