‘डूलॅली’ म्हणजे काय? हा शब्द इंग्रजीत आला कुठून?

लंडनच्या क्लायंटनं ‘द सर्व्हर हॅज गॉन डूलॅली’ असं लिहिलं आणि डिक्शनरीत नुसतंच ‘वेडा’ सापडलं, असं तुम्ही म्हणताय. घाबरू नका. सर्व्हर सटकलाय, एवढंच त्याला म्हणायचंय.

पण शब्द जरा मोठ्यानं म्हणून बघा. देवळाली! आपल्या नाशिकजवळचं देवळाली कॅम्प. (राहुरीकडची देवळाली प्रवरा नव्हे.)

मी सोलापुरात टॉवेल एक्सपोर्ट करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात असतो. काही वर्षांपूर्वी इंग्लंडचा एक बायर फोनवर म्हणाला, ‘युवर लेबल्स हॅव गॉन डूलॅली.’ मला ऐकू आलं, लेबलं देवळालीला गेली. न्हावाशेवाचा माल नाशकाकडं कसा वळला म्हणून मी फोन कानाला धरूनच डिस्पॅचवाल्याला हाक मारली. त्यानं चलन वरखाली करून बघितलं आणि म्हणाला, “काय बोलालाय बे हा? उन्हानं डोकं फिरलंय का त्याचं?” अर्थ त्यानं नकळत बरोब्बर सांगितला होता. लेबलांवर साईज आणि रंग उलटेपालटे छापले गेले होते. चूक आमचीच.

आता मूळ गोष्ट. इंग्रजांनी १८६१ साली देवळालीला लष्करी छावणी उभारली. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथं येऊन मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत. बोटी मुंबईहून सुटायच्या, पण साधारण हिवाळ्याच्या हंगामातच. शेवटची बोट चुकली की पुढच्या हंगामापर्यंत कित्येक महिने तिथंच मुक्काम. हाताला काम नाही, घर डोळ्यांपुढं, आणि दिवस काही सरत नाही. मग दारू, जुगार, मारामाऱ्या, वर हिवताप. कुणी विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झालाय. हा ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, आपला ताप. देवळालीचा ताप! पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि गावाचं नाव तेवढं वेडेपणाला चिकटलं. मराठीत तरी वेगळं काय झालंय? ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. आणि ‘डोक्याला ताप’ तर आपण दिवसातून दहादा म्हणतो.

ऊन लागून सोल्जर वेडे व्हायचे, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. देवळाली चांगल्या हवेचं ठिकाण, लोक तिथं तब्येत सुधारायला जायचे. उन्हानंच वेड लागायचं असतं तर या शब्दाचं नाव ‘सोलापुरी’ पडलं असतं. मे महिन्यात इथं येऊन बघा. त्या पोरांना खाल्लं ते वाट बघण्यानं. ज्या मायदेशाची ते वाट बघत होते, त्यालाही सोल्जरांच्या बोलीत ‘ब्लायटी’ म्हणत. तो शब्द आपल्या ‘विलायती’वरून गेलेला.

वापराबद्दल थोडं. शब्द बोलीतला आहे, थट्टेचा आहे. माणूस, मशीन, घड्याळ, हवामान, कशालाही चालतो, आणि बहुतेक वेळा ‘गो’ किंवा ‘गॉन’च्या मागून येतो. खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल मात्र वापरू नका. अमेरिकन क्लायंटला लिहिताना टाळा, हा ब्रिटिशांचा शब्द आहे, तिकडच्या पुष्कळांना कळणारच नाही.

आमच्या त्या बायरला मी नंतर नकाशाचा फोटो पाठवला, नाशिकशेजारी देवळालीला लाल गोल करून. त्याचं उत्तर आलं की आजवर त्याला तो शब्द आयर्लंडचा वाटत होता.