'श्लील' असा शब्द आहे का?

प्रश्न असा आला आहे: अश्लीलच्या उलट 'श्लील' असा शब्द खरंच आहे का, आणि अश्लील व चावट यांत फरक काय?

'श्लील' कोशात सापडतो, पण मराठीत तो एकटा फिरत नाही. 'श्लील-अश्लील वाद' अशा जोडीतच भेटतो. "काय श्लील सिनेमा होता!" असं कोणी म्हणत नाही.

अश्लीलचा मूळ शब्द 'अश्रीर', म्हणजे ज्याला श्री नाही, कळा नाही तो. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात गाईंना म्हटलंय की तुम्ही अश्रीरालाही देखणं करता. तिथे लैंगिक काही नाही. पुढे र चा ल झाला आणि साहित्यशास्त्राने तो शब्द काव्यदोषासाठी उचलला. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त त्याचे तीन प्रकार दिलेत: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल सुचवणारं.

हे तिन्ही अजून आपल्या घरात नांदतात, फक्त नाव घेत नाहीत. "लाज नाही वाटत?" हा पहिला. "घाण बोलू नकोस" हा दुसरा. तिसऱ्यासाठी "शुभ बोल रे नाऱ्या" आहेच. शिवाय बांगडी फुटत नाही, वाढवते आणि नारळही वाढवतो. शरीराच्या गोष्टींनाही हीच झाकणं: "दिवस गेले", "न्हाण आलं", "कावळा शिवला". माझ्या मते आपल्याकडे लैंगिक शब्द टाळण्यात लाजेइतकाच विटाळाचा आणि अशुभाचा धाक आहे.

मग १८६० चा इंग्रजांचा दंडविधान आला. त्यातल्या कलम २९२ मधल्या 'ऑब्सीन'साठी आपण 'अश्लील' वापरू लागलो आणि तीन अर्थांतला एकच ठळक उरला, तोही शिक्षेसकट. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मजकूर काय, तर वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली सरळ उत्तरं! रंजन सोडाच, ती माहिती होती. पुढे चंद्रकांत काकोडकरांची 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली 'श्यामा' ही कथा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९६९ मध्ये ते सुटले. समाजाची मापं झपाट्याने बदलताहेत, हे न्यायालयाने तेव्हा नोंदवलं.

चावटचं तसं नाही. त्यात खोडी आहे, सलगी आहे. बायको नवऱ्याला "चावट कुठला!" म्हणते तेव्हा ती तक्रार नसते. तेच वाक्य ऑफिसात वरिष्ठाने कनिष्ठ बाईला ऐकवलं, तर मात्र गंमत संपते. म्हणजे अश्लील मजकुराला चिकटतं, चावट हे नात्यावर ठरतं. 'आंबट' या दोहोंच्या मधला. आंबटशौकीन माणसाला हसतात, पण त्याला पोरगी देत नाहीत.

आणि हो, लिहिताना 'अश्लिल' नको. ली दीर्घच.