एक्सटीसी झालेल्याने जर्मनीत कशात मास्टर्स करावं?

तुझा मेसेज दोनदा वाचला. मुंबई विद्यापीठाचं एक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग, २०२० ची बॅच, एमथ्रीची (तिसऱ्या गणिताची) एक केटी, म्हणजे एकदा राहिलेला पेपर, ऐरोलीच्या कंपनीत पाच वर्षं टेस्टिंग. आता कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करायचं आहे, अमेरिका की जर्मनी ठरत नाहीये, आणि बाबा भांडुपचं घर गहाण ठेवायला तयार आहेत. सात वर्षांपूर्वी डोंबिवलीहून निघाले तेव्हा माझ्याही डोक्यात हेच चाललं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घराचं. ते गहाण ठेवू नकोस. अमेरिकेत डिग्रीनंतर ओपीटीचं, म्हणजे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना) आणखी दोन वर्षं मिळतात हे खरं, पण पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचं गणित येतं. खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ८५,००० व्हिसा, आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. राहतं घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचे हप्ते अशा निवडीच्या भरवशावर सोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि नुसतं प्रमोशन हवं असेल तर बाहेर पडायचीही गरज नाही. नोकरी सांभाळून बिट्स पिलानीचं एमटेक करता येतं, माझ्या जुन्या टीममधल्या दोघांनी तेच केलं आणि त्यांचं उत्तम चाललं आहे.

जर्मनीच ठरवत असशील तर मुद्दा विषयाचा आहे. इथली बहुतेक मास्टर्स आधीच्या पदवीला जोडून असतात. तू काय शिकलास, कुठल्या विषयाचे किती क्रेडिट आहेत, हे ते अक्षरशः मोजतात. मीही आधी कॉम्प्युटर सायन्सलाच अर्ज केले होते. पहिल्या नकाराचं पत्र अजून माझ्याकडे आहे. त्यात गुणांबद्दल एक अक्षर नव्हतं. थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्स आणि अल्गोरिदम या दोन गटांत क्रेडिट कमी पडतात, एवढंच लिहिलं होतं. कंपनीतल्या अनुभवाची तर ओळसुद्धा नव्हती. त्या रात्री मी खूप रडले. मग आमच्या सरांनी विचारलं, "चार वर्षं सिग्नल्स, मायक्रोकंट्रोलर, व्हीएलएसआय (चिप डिझाइन) केलंस, ते कुठे टाकलंस?"

तिथून मी एम्बेडेड सिस्टिम्सकडे, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरांकडे वळले. मोजणी तीच, पण आता प्रत्येक रकान्यात काहीतरी लिहायला होतं. मी एक तक्ता केला : डावीकडे त्यांनी मागितलेला विषय, उजवीकडे आपला पेपर, सेमिस्टर, तास आणि सिलॅबसचं पान. कॉलेजच्या ऑफिसने जुन्या स्कीमचा सिलॅबस नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी लायब्ररीतल्या मामांनी माळ्यावरून धुळीने भरलेली फाइल काढून दिली, आणि मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडे उभं राहून एकशेचाळीस पानं काढली. माझा प्रवेश त्या पानांवर झाला, असं मी आजही मानते. तुझा सिलॅबस विद्यापीठाच्या साइटवर मिळेल, फक्त तुझ्या बॅचच्या स्कीमचा आहे ना ते बघ.

टेस्टिंगचा अनुभव वाया जात नाही. मी ड्रेस्डेनला असते. इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज, बॉश यांचे चिप कारखाने याच शहरात आहेत, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीच्या भागीदारीतल्या नव्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. हार्डवेअर समजणारा आणि टेस्ट शिस्तीत लिहिणारा माणूस इथे लागतो. नुसतं सॉफ्टवेअर येणाऱ्यांची रांग मोठी आहे, आणि त्या रांगेत तू सगळ्यात मागे उभा राहशील.

आता भाषा. कोर्स इंग्रजीत असतो म्हणून मी जर्मनची फक्त पहिली पायरी, ए-वन, करून निघाले, आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक. लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात तिथले टेक्निशियन हात पुढे करून म्हणाले, "ल्योटकोल्बेन." माझ्या हाताशी पक्कड, मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, सगळं होतं, आणि मी नुसती उभी. त्यांनी शांतपणे पुढे होऊन गन स्वतः उचलली. चिडले नाहीत, पण पुढचे दोन महिने मला काही मागितलंही नाही. नोकरीच्या मुलाखतीत हेच होतं, फक्त तिथे तुला कोणी कारण सांगत नाही. बी-वन, म्हणजे जर्मनची तिसरी पायरी, मुंबईतच कर. काळा घोड्याला जर्मन शिकवणारं मॅक्स म्युलर भवन आहे, भांडुपहून स्लोने सीएसएमटी आणि पुढे चालत. निघायला वर्ष उशीर झाला तरी चालेल. इथली डिग्री घेऊन दोन वर्षं नोकरी केली की कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, त्यालाही बी-वन लागतंच.

पैशांचं थोडक्यात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, सेमिस्टरला काहीशे युरो भरायचे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्याकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला ४,००० ते ६,०००. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते पैसे तुझेच असतात, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. म्हणजे तुझी पाच वर्षांची बचत आणि पीएफ मिळून पहिलं वर्ष निघायला हवं. पुढे सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतचं काम बघ, शक्यतो आपल्याच क्षेत्रातलं. डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

माझ्या वेळी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला, नव्हतं, १ नोव्हेंबर २०२२ पासून ते लागतं. फी १८,००० रुपये, आणि वेळ जातो, म्हणून त्याचा अर्ज सगळ्यात आधी टाक. केटीचं मार्कशीट लपवू नकोस, सगळी जोड. एका केटीने काही अडत नाही. इथे ग्रेड उलटा असतो, १ सर्वोत्तम आणि ४ जेमतेम पास. पुष्कळ कोर्सेसना २.५ किंवा त्याहून चांगला लागतो, तुझा किती येतो ते बव्हेरियन फॉर्म्युल्याने, म्हणजे आपले गुण जर्मन ग्रेडमध्ये बदलणाऱ्या सूत्राने काढ.

या आठवड्यात एकच काम कर. एम्बेडेड किंवा नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे तीन कोर्स निवड आणि त्यांच्या अटींसमोर तुझे पेपर मांडून तो तक्ता भर. रिकामे रकाने रिकामेच ठेव, ओढूनताणून काही लिहू नकोस. मला पाठव, रविवारी मी ओळ न् ओळ बघते. आणि बाबांना सांग, घराची कागदपत्रं कपाटातच राहू देत.