वाचक विचारतात: कॉमेडी शोमध्ये सोनू निगम खरंच गातो का?

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की कपिल शर्माच्या शोमध्ये सोनू निगम पाहुणा म्हणून आला की मी ताटावरून उठून टीव्हीसमोर जाऊन बसतो. त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय, बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न जपून ठेवलेत. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी सोलापुरात 19 वर्षं ऑर्केस्ट्रात गायलोय आणि आता घरीच मुलांना गाणं शिकवतो, त्यामुळे जे काही सांगतोय ते तेवढ्यावरच.

प्रश्न: माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, क्लासला जातो. सोनू निगमचं बघून बघून सगळ्या गायकांच्या नकला करायला लागलाय, नाकात गाऊन दाखवतो, जाड आवाज काढतो, शाळेत सगळे टाळ्या वाजवतात. पण क्लासचे सर म्हणतात यानं गळा वाया जाईल आणि स्वतःचा आवाज कधी सापडणारच नाही. बंद करायला लावू का? (एक आई, जुळे सोलापूर)

ताई, बंद नका करू. सरांची काळजी खोटी नाहीये, त्यावर येतो, पण आधी एक घरातली गोष्ट सांगतो.

माझी आई विड्या वळायची. साखर पेठेतलं आमचं घर म्हणजे एकच मोठी खोली, संध्याकाळी आई भिंतीला टेकून बसायची, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हजार विड्या पुऱ्या करायच्या म्हणजे मान वर करायला वेळ नसतो, त्यामुळे टीव्ही ती बघायची नाही, फक्त ऐकायची. एकदा असाच सोनू कुठल्यातरी शोमध्ये आला होता आणि जुन्या गायकांचे आवाज काढत होता, लोक हसत होते, आणि आई विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता मान खालीच ठेवून म्हणाली, "रफीचं लावलं काय रे, जरा मोठं कर." मी म्हटलं आई रफी नाही, सोनू निगम आहे. तेव्हा तिनं हातातली विडी सुपात ठेवली आणि मान वर करून बघितलं. आईनं वळता वळता विडी खाली ठेवलेली मी क्वचितच बघितलीय.

आता बघा, आई काही गाणं शिकलेली नव्हती, पण 30-35 वर्षं रेडिओ ऐकून तिचा कान पक्का झालेला. त्या कानाला फसवायचं तर फक्त आवाज बारीक-जाड करून भागत नाही. तो गायक श्वास कुठं घेतो, शब्द कुठल्या अक्षरावर सोडतो, 'आ' मोकळा लावतो की जरा झाकून, मुरकी, म्हणजे सुरांची छोटीशी झटपट फिरकी, घशातून घेतो की जिभेच्या टोकावर संपवतो, हे सगळं आधी ऐकू यायला लागतं. ज्याला ऐकूच येत नाही तो नक्कल करूच शकत नाही. तुमच्या मुलाला हे ऐकू येतंय, क्लासमध्ये दोन-दोन वर्षं बसून हे न ऐकू येणारी मुलं मी बघितलीत हो.

आणि सोनूची सगळी सुरुवातच तिथली आहे. 4 वर्षांचा असताना वडिलांबरोबर स्टेजवर गायला तो रफींचंच गाणं, नंतर मुंबईत आल्यावर रफींच्या गाण्यांच्या कव्हर कॅसेटी गायला, लोक सरळ म्हणायचे की हा कॉपी आहे. मग 1997 च्या आसपास बॉर्डर आणि परदेसची गाणी आली आणि लोकांना त्याचा स्वतःचा आवाज दिसला. म्हणजे दुसऱ्याच्या आवाजातून चालत चालतच तो स्वतःच्या आवाजापर्यंत आला. मधल्या काळात उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ साहेबांकडे शिकणं होतं हे मात्र विसरू नका, नुसत्या नकलांनी हे झालेलं नाही.

आता सरांच्या काळजीचं. 13 वर्षं हे नेमकं आवाज फुटायचं वय आहे, मुलांचा स्वरयंत्राचा भाग या काळात वाढतो, आवाज मधेच चिरकतो, मधेच खाली जातो. अशावेळी घसा दाबून काढलेले आवाज, खरखरीत, ओरडल्यासारखे, ते बंद करायला सांगा. नाकात गायला हरकत नाही, त्यानं घशावर तसा ताण येत नाही. दिवसात 10 मिनिटं नक्कल, तीसुद्धा स्वतःच्या पट्टीत रियाज झाल्यावर, आधी नाही. घसा बसला तर पूर्ण गप्प बसायचं, कुजबुजून पण बोलायचं नाही. आणि 3 आठवडे झाले तरी आवाज मोकळा होत नसेल तर काढा-बिढा करत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात आणि त्या वेळेत कळल्या तर बऱ्याचदा आवाजाला विश्रांती आणि व्यायाम देऊनच बऱ्या होतात.

सरांना एकदा त्याची नक्कल शांतपणे ऐकायला सांगा. आणि मुलाला विचारा की बाळा, हा गायक इथं श्वास का घेतो? त्याला सांगता आलं तर समजा तो शिकतोय.

प्रश्न: टीव्हीवर पाहुणे गायक गातात ते लाइव्ह असतं का ओठ हलवतात? आमच्या रिक्षा स्टॉपवर यावरून पैज लागलीय. (होटगी रोड)

दादा, पैज कुणी जिंकली ते सांगायला मी तिथं नाही, पण ओळखायचं कसं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

माईककडे बघा. गायक माईक तोंडापासून लांब नेतो आणि आवाज तसाच राहतो, तर ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं गाणं, चालू आहे. आवाज मागं जातो, तर खरं गातोय. दुसरं, श्वास ऐकू येतो का बघा, विनोद झाल्या झाल्या गायला लागला तर पहिल्या ओळीत हसण्याचा थोडा अंश राहतोच, तो कुणाला पुसता येत नाही. आणि तिसरं म्हणजे वाजवणाऱ्यांकडे नजर. कपिलच्या शोमध्ये बाजूला वादक बसलेले असतात, कुणीतरी मधेच म्हणतं ते अमुक गाणं म्हणा ना, आणि गायक मान वळवून पट्टी सांगतो, बोटानं ठेका दाखवतो. हे ट्रॅकवर होत नाही. सोनू बसल्या जागी दोन ओळी या आवाजात, दोन ओळी त्या आवाजात असं करतो ना, ते तर रेकॉर्ड करून आणण्यासारखं नसतंच.

पण हेही खरं की शूटिंग तासन्तास चालतं आणि आपल्याला त्यातला कापून जोडलेला भाग दिसतो, त्यामुळे एखादी चूक झाली असेल तर ती आपल्यापर्यंत येत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात ती सोय नव्हती. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एका मंडळाच्या कार्यक्रमात आम्ही पैसे वाचवायला ट्रॅक लावला होता, अंतऱ्याला ट्रॅक अडकला आणि मी तोंड उघडं ठेवून उभा. समोर अख्खी गर्दी. त्या दिवसापासून मी ट्रॅकवर गायलो नाही.

प्रश्न: पद्मश्री मिळालेल्या गायकानं अशा थिल्लर कार्यक्रमात जाऊन लोकांना हसवणं शोभतं का? आमच्या काळात गायकाला एक मान होता. (निवृत्त शिक्षक, बाळीवेस)

सर, तुमचा मान राखून सांगतो, मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते नीट सांगतो.

तुमच्याच काळातलं बघू. 1962 चा हाफ तिकीट तुम्ही बघितला असणार. त्यात एका गाण्यात बाईचा आणि पुरुषाचा असे दोन्ही आवाज किशोरकुमारनं एकट्यानं गायलेत, आणि गाणं शुद्ध विनोदी आहे. 1968 च्या पडोसनमध्ये मन्ना डे, म्हणजे शास्त्रीय बैठकीतला केवढा मोठा माणूस, तो मेहमूदसाठी गातो आणि किशोरकुमारबरोबर जुगलबंदी करतो. ते गाणं गायला बसा एकदा, मी स्टेजवर प्रयत्न केलाय, सरगम येते तिथं जीभ अडखळते आणि हसू आणायचं राहूनच जातं. त्या माणसाचा मान त्यानं कमी झाला का?

थिल्लर विनोद असतो, बायकांच्या वेषातल्या पुरुषावर, कुणाच्या जाडपणावर, काळेपणावर मारलेले विनोद मलाही आवडत नाहीत, ते बदलायला हवं हे तुमचं बरोबर. पण पाहुणा गायक तिथं येतो तेव्हा बऱ्याचदा कार्यक्रमाचा सूरच बदलतो. आपल्या 'चला हवा येऊ द्या'मध्ये बघा, 2014 ला सुरू झाला, सगळा धिंगाणा चाललेला असायचा आणि सागर कारंडेचा पोस्टमन पत्र वाचायला लागला की अख्खा सेट गप्प. हसलेला माणूस लवकर रडतो, हे आम्ही ऑर्केस्ट्रावाले रोज बघायचो, विनोदी गाण्यानंतर विरहाचं गाणं लावा, बघा काय होतं ते.

सोनूचं अजून एक सांगतो. 2016 मध्ये तो म्हाताऱ्या भिकाऱ्याचा मेकअप करून पेटी घेऊन मुंबईत रस्त्याच्या कडेला गायला बसला होता. लोकांनी ओळखलं नाही. कुणी थांबलं, कुणी पुढं गेलं. ज्याला स्टेज, लाइट आणि नाव सगळं बाजूला ठेवून गाता येतं त्यानं कॉमेडी शोच्या सोफ्यावर बसून गायलं तर काय बिघडलं सर? मला तर उलट वाटतं की अवघड तेच आहे. हुतात्मा स्मृती मंदिरात, म्हणजे आपल्या नाट्यगृहात, तिकीट काढून आलेला माणूस गाणं ऐकायलाच आलेला असतो. कॉमेडी शोचा प्रेक्षक हसायला आलेला असतो, त्याला दोन ओळींत गाण्याकडे वळवायचं, वाद्यं पूर्ण नाहीत, मूड नाही, समोरचा कॉमेडियन मधेच तोंड वाकडं करतोय, आणि तरी सूर हलत नाही. ही तयारी आहे हो.

प्रश्न: आमच्या घरी कन्नड बोलतात. सासूबाई ठामपणे म्हणतात सोनू निगम कन्नड माणूस आहे. खरं का? (अक्कलकोट)

नाही ताई, त्याचा जन्म हरियाणातल्या फरिदाबादचा, 1973 चा. पण सासूबाईंचा गैरसमज अगदी समजण्यासारखा आहे, 2006 च्या मुंगारू मळे या कन्नड चित्रपटातलं त्याचं गाणं ऐकल्यावर कुणालाही तसंच वाटेल. मराठीतही 2004 ला 'नवरा माझा नवसाचा' आणि 2013 ला 'दुनियादारी'साठी तो गायलाय, तेव्हा आपल्याकडेही कितीतरी जणांनी मला विचारलं होतं की याचं मूळ गाव कुठलं. नकलेचा कान इथं कामाला येतो, भाषा म्हणजे पण आवाजाची नक्कलच की.

प्रश्न: कॉलेजच्या गॅदरिंगला आम्ही कॉमेडी शोसारखं स्किट करतोय, मला बेसूर गायिकेचं काम मिळालंय. मी खरं तर गाते. प्रॅक्टिसला कुणी हसतच नाही, नुसतं वाईट वाटतंय. काय करू? (अशोक चौक)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. बेटा, तू पूर्ण बेसूर गातेस म्हणून कुणी हसत नाही. पहिल्या दोन ओळी एकदम सुरेल गा, छान, डोळे मिटून, म्हणजे लोक सावरून बसतील. तिसऱ्या ओळीच्या शेवटच्या सुराला फक्त थोडीशी वर जा, फार नाही, आणि तिथंच धरून ठेव, आणि चेहऱ्यावर मात्र आपण फार भारी गातोय असाच भाव ठेव. हसू त्या भावाला येतं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर ये, ताल चुकवू नकोस, ताल गेला की स्किटच पडतं. पेटी वाजवणाऱ्याला आधीच सांगून ठेव की काहीही झालं तरी तू खरा सूर सोडायचा नाहीस, त्याचा सूर पक्का असेल तरच तुझा चुकलेला ऐकू येईल. आणि त्या दिवशी सकाळी अर्धा तास नेहमीचा रियाज करूनच जा.